कोल्हापूरची गाडी, कोइमतूरचा ट्रॅक: एका रेसिंग हंगामाच्या पैशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फौंड्री आहे. ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग, चाळीसेक कामगार, तीन मोठी गिऱ्हाइकं. मालकांना सगळे तात्या म्हणतात, इथंही तेच म्हणू. मुलाला विराज म्हणू, हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या आईला मी वहिनी म्हणतो. या घराचे हिशेब आणि कराचे कागद बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून माझ्या टेबलावर घडलं. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत, त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र जसंच्या तसं आहे. लिहायला घरच्यांची परवानगी आहे.

विराज आठव्या वर्षी कार्टमध्ये, म्हणजे शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीत, बसला. कोल्हापुरात याचं कुणाला फार नवल वाटत नाही. इथं कार्टिंगचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या इथं झालेल्या आहेत. चित्तेश मंडोडी, ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक ही कोल्हापूरचीच पोरं. कृष्णराज तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. गल्लीत बुलेटचा सायलेन्सर बदलून फिरणारे पुष्कळ असतात, पण या गावात हेल्मेट बांधून घड्याळाशी झुंजणाऱ्यांचीही एक परंपरा तयार झाली आहे.

मायक्रो मॅक्स, मिनी मॅक्स, ज्युनिअर मॅक्स अशा पायऱ्या विराज चढत गेला. हे वर्ग रोटॅक्स या कंपनीच्या १२५ सीसी टू-स्ट्रोक इंजिनांचे. इंजिनाला सील असतं आणि ते अधिकृत सेंटरशिवाय कुणी उघडायचं नसतं. म्हणजे ज्या गावात कुठलंही इंजिन दुपारपर्यंत खोलून संध्याकाळी बसवून मिळतं, त्या गावातल्या माणसालाही इंजिन बेंगळुरूला धाडून वाट पाहावी लागते. तात्यांना हे फार लागायचं. एकदा त्यांनी आपल्याच फौंड्रीत ब्रेकची डिस्क ओतून उद्यमनगरात सुरेख मशीनिंग करून घेतली. ती मी हातात घेऊन पाहिली आहे, आरशासारखा पृष्ठभाग होता तिचा. स्पर्धेच्या तांत्रिक तपासणीत ती नाकारली गेली, कारण मान्यतेचा शिक्का नव्हता. ऐन वेळी दुप्पट भावाने दुसऱ्याची डिस्क घ्यावी लागली.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. तात्यांचा सगळा आत्मविश्वास ‘आपण बनवू शकतो’ यावर उभा होता. रेसिंगच्या या पायऱ्यांवर बनवणाऱ्याला फारसा वाव नसतो. सगळ्यांना एकच इंजिन, एकच टायर. विकत घ्यायचं, भाड्यानं घ्यायचं आणि पैसे भरायचे.

पैसा कुठून येत होता

टीव्हीवर फॉर्म्युला वन पाहणाऱ्याला वाटतं की ड्रायव्हरला पगार मिळतो. अगदी वरच्या पायरीवर मिळतोही. खालच्या सगळ्या पायऱ्यांवर गंगा उलटी वाहते: ड्रायव्हर संघाला पैसे देतो. संघ त्या पैशातून गाडी, मेकॅनिक, टायर आणि डेटा पाहणारा इंजिनिअर देतो. नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये उतरला, तेव्हा त्याच्या मागे टाटांचं बळ होतं. गुणवत्ता असूनही बळ लागतंच, आणि ते कुठून आणायचं हा या खेळातला अर्धा खेळ आहे.

तात्यांनी ते बळ आणलं फौंड्रीच्या कॅश क्रेडिट खात्यातून. कार्टिंगच्या शेवटच्या दोन वर्षांत १९ लाख रुपये त्या खात्यातून गेले. त्यातलं एक वर्ष मी ओळीओळीने तपासलं. सगळ्यात मोठा खर्च टायर किंवा इंजिनाचा असेल असा माझा समज होता. तो निघाला सरावाचा. शर्यतीचे दिवस थोडे, पण त्यासाठी आधी जाऊन ट्रॅकवर फिरायचं, तेव्हाचे टायर, पेट्रोल, मेकॅनिकचा रोज, हॉटेल. हा खर्च कुठल्याच एंट्री फॉर्मवर लिहिलेला नसतो.

उरलेला पैसा वर्गणीचा. कोल्हापूर या बाबतीत दिलदार आहे. तालमीच्या फुटबॉल संघाला बूट देणारा, गणपतीच्या मंडळाला पावती न मागता रक्कम देणारा माणूस इथं प्रत्येक पेठेत सापडतो. तात्या अकरा जणांकडे गेले आणि वर्षभरात ३ लाख ४० हजार जमले. एक दूधवाले, एक फरसाणवाले, एक सराफ, दोन हॉटेलवाले, बाकी उद्योगातले मित्र. प्रत्येकाचा स्टिकर कार्टवर लागला. पुढच्या वर्षी त्याच अकरा जणांकडे गेले तेव्हा चार जणांनी दिले.

अडचण

विराज सोळाचा झाला. कार्टिंग संपवून सिंगल सीटर गाडीत जायची वेळ आली, आणि त्याच महिन्यात बँकेच्या अधिकाऱ्यांनी तात्यांना बोलावलं. स्टेटमेंटमध्ये तमिळनाडूतल्या एका रेसिंग संघाच्या नावावर मोठी रक्कम गेलेली दिसत होती. त्यांनी साधा प्रश्न विचारला, ‘हा माल कसला?’

कॅश क्रेडिट हे खेळतं भांडवल असतं. स्टॉक आणि येणी यांच्या आधारावर बँक ते देते, आणि ते त्या धंद्यातच फिरलं पाहिजे. खात्याची मर्यादा ६० लाखांची होती, आणि उचल सतत काठोकाठ. मर्यादेच्या वर उचल सलग ९० दिवस राहिली की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरतं. त्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट दीड महिना लांबलं होतं. पिग आयर्न आणि स्क्रॅप रोखीनं घ्यायला पैसे कमी पडू लागले होते आणि एका आठवड्यात भट्टी दोन दिवस पेटलीच नाही. कामगारांना कारण माहीत नव्हतं. तात्यांना होतं.

कराची बाजूही कच्ची होती. हा खर्च फौंड्रीच्या जाहिरात खात्यात टाकला होता. फौंड्रीचं नाव कार्टवर होतं हे खरं. पण जी फौंड्री तीन ठरलेल्या कंपन्यांनाच माल देते, तिला कार्टवरच्या स्टिकरने चौथं गिऱ्हाईक कसं मिळणार? धंद्याचा खर्च निव्वळ धंद्यासाठीच झालेला असावा, ही कायद्याची अट आहे. अधिकाऱ्यासमोर मी हे मांडू शकलो नसतो आणि तसं तात्यांना स्पष्ट सांगितलं. ती रक्कम त्यांच्या भांडवलातून उचल म्हणून वर्ग केली, त्यावरचा कर भरला. सगळ्यात अवघड बैठक ती होती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय परदेशाचा. ब्रिटनमधल्या एका फॉर्म्युला फोर संघाचं कोटेशन आलं होतं, एका हंगामाचे तीन कोटींच्या वर. तात्या शेड गहाण ठेवायला तयार होते. ‘पैलवानाला खुराक कमी पडला तर दोष पैलवानाचा नसतोय,’ हे त्यांचं म्हणणं.

दुसरा, भारतातली फॉर्म्युला फोर. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या मान्यतेची ही स्पर्धा २०२३ पासून आपल्याकडे सुरू झाली. गाडी आंतरराष्ट्रीय दर्जाची, मिळणारे गुण बाहेर कामाला येणारे. खर्च ब्रिटनपेक्षा पुष्कळ कमी, पण या घराला तोही झेपणारा नव्हता.

तिसरा, एलजीबी फॉर्म्युला फोर. नाव सारखं असलं तरी हे प्रकरण वेगळं. मारुतीचं १३०० सीसी इंजिन, सगळ्यांना सारखी गाडी, संघाकडून भाड्यानं घ्यायची. बऱ्याच फेऱ्या कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होतात. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा, जेमतेम २.१ किलोमीटरचा हा ट्रॅक. देशातले कित्येक ड्रायव्हर इथंच घडले. या हंगामाचं अंदाजपत्रक निघालं साडेबारा लाख: गाडी आणि संघाची फी ८ लाख, सराव दीड, प्रवास आणि मुक्काम दीड, आणि अपघाताच्या नुकसानीसाठी राखीव दीड लाख.

चौथा पर्याय वहिनींनी मांडला: एक वर्ष थांबायचं. अकरावी नीट करायची, खातं सुधारायचं, मग पाहायचं. त्या बैठकीत हा पर्याय कुणी पुरता ऐकून घेतला नाही, मीही नाही. आता त्या दिवसाचा विचार केला की हे मनाला लागतं.

ब्रिटनचा विषय संपवला तो विराजनं. त्याने दोन वर्षांचे आपले लॅप टाइम एका वहीत लिहून ठेवले होते. तो वडिलांना म्हणाला, ‘पप्पा, मी इथं अजून पहिल्या तिघांत पण येत नाही. तिथं जाऊन काय करू?’ सोळाव्या वर्षी स्वतःला इतकं स्वच्छ पाहणारा मुलगा मला फार मोठा वाटला.

ठरलं तिसरं. वहिनींनी त्याला एक अट घातली आणि ती लिहून घेतली: घरातून ४ लाख, तेही तात्यांच्या वैयक्तिक शिलकीतून. फौंड्रीच्या खात्यातून एक रुपयाही नाही. बाकीचे साडेआठ लाख बाहेरून आले तर गाडी ट्रॅकवर जाईल, नाहीतर नाही.

निर्णयाचा क्षण: कुणाकडे जायचं

तात्या सवयीप्रमाणे पुन्हा दूधवाल्यांकडे गेले. मी सोबत होतो. दूधवाले जुने स्नेही, चहा झाला, विराजची चौकशी झाली. मग ते शांतपणे म्हणाले, ‘भावा, पोराचं कौतुक हायच. गेल्या साली दिलं, त्ये पोरासाठी दिलं. पर माझं दूध कोइमतूरला कोण पितंय सांग की.’

परतताना तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि तात्या म्हणाले, ‘त्यानं काय चुकीचं सांगितलं न्हाई.’

सगळा खेळ दूधवाल्यांच्या या एका वाक्यानं समजला. कोल्हापुरात कुस्तीला आश्रय मिळाला आणि टिकला, कारण शाहू महाराजांनी पैलवानांना नुसता खुराक दिला नाही, खासबागेचं मैदानही बांधलं. ज्याचा खुराक, त्याच्याच डोळ्यांदेखत कुस्ती. देणाऱ्याच्या गावातच त्याच्या दानाचं फळ दिसायचं. फुटबॉलचंही तसंच, शाहू स्टेडियममध्ये सगळी पेठ हजर असते. कारच्या शर्यतीचं मैदान मात्र इथून हजारेक किलोमीटर लांब. तिथं कोल्हापूरच्या फरसाणाचं नाव वाचणारा माणूस ते फरसाण कधीच घेणार नसतो.

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. एका कागदावर हंगामातली गावं लिहिली: कोइमतूर, पुन्हा कोइमतूर, चेन्नई. शेजारी लिहिलं, कोल्हापुरातल्या कुणाचा धंदा या गावांत चालतो? भारतीय रेसिंगचा इतिहासही हेच सांगतो. इथं पैसा घातला तो एमआरएफने, जेके टायरने. फॉर्म्युला फोरच्या त्या वर्गाला ज्यांचं नाव, ती एलजीबी कोइमतूरचीच चेन बनवणारी कंपनी. जिथे गाडी पळते तिथे त्यांचं गिऱ्हाईक आहे, किंवा गाडीत जे फिरतं ते त्यांचं उत्पादन आहे.

आणि कोइमतूर म्हणजे काय? पंप आणि ओतकाम. कोल्हापूर आणि बेळगावसारखंच फौंड्रीचं गाव. हे आमच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं होतं. तात्यांच्या फौंड्रीला रेझिन, कोटिंग, फिल्टर पुरवणारी कोल्हापुरातली एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कोइमतूरमध्ये नवी शाखा काढत होती. तिथल्या फौंड्रीवाल्यांशी ओळख वाढवायला त्यांचा मार्केटिंगचा माणूस महिन्यातून दोनदा जाऊन नुसता रिसेप्शनवर बसून यायचा.

तात्या त्यांच्याकडे गेले ते वर्गणी मागायला नाही. दोन पानांचा प्रस्ताव होता. शर्यतीच्या शनिवारी तुमची चौदा गिऱ्हाइकं पिटमध्ये, म्हणजे संघ गाडी तयार करतो त्या जागी, येतील, गाडी जवळून पाहतील, संघाचा इंजिनिअर त्यांना डेटा दाखवेल, रात्री जेवण. फौंड्रीवाल्या माणसाला सस्पेन्शनच्या कास्टिंगवर बोलायला कधी कंटाळा येत नाही. गाडीच्या नाकावर आणि दोन्ही साइडपॉडवर, म्हणजे बगलांवर, कंपनीचं नाव. किती मोठं हे दाखवायला विराजनं घरी पुठ्ठा कापून खऱ्या मापाचा साइडपॉड केला होता. तो त्यांच्या केबिनमध्ये टेबलाला टेकवून ठेवला. कंपनीचे मालक उठले, चार पावलं मागं गेले, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, ‘फोन नंबर काढा, नाव मोठं करा.’

तिथेच सौदा झाला असं मी मानतो. रक्कम ७ लाख, तीन हप्त्यांत: सही करताना ३, दुसऱ्या फेरीनंतर २, शेवटच्या फेरीनंतर २. उरलेले दीड लाख जुन्या चार मित्रांनी दिले. त्यांना आम्ही स्पष्ट सांगितलं की हे प्रेमाचं आहे, धंद्याचं काही मिळणार नाही. ते हसून म्हणाले, ‘आमाला म्हाईत हाय.’

कागदपत्रं

सही कोण करणार, हा पहिला प्रश्न होता. विराज अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, १९०३ सालापासून हे पक्कं आहे. म्हणून वहिनींच्या नावाने वेगळी मालकी फर्म काढली, वेगळं चालू खातं उघडलं आणि करार त्या फर्मशी केला. गाडी आणि ड्रायव्हर ट्रॅकवर आणण्याची जबाबदारी फर्मची. रेसिंगचा प्रत्येक रुपया त्या एकाच खात्यातून जाणार. साधी गोष्ट, पण बँकेच्या अधिकाऱ्यांना दाखवण्यासारखा कागद पहिल्यांदा तयार झाला.

जीएसटीवर कंपनीचे अकाउंटंट अडले होते. बिलात कर का नाही, असा त्यांचा प्रश्न. कंपनी बॉडी कॉर्पोरेट, म्हणजे कायद्याने स्वतंत्र संस्था, असली आणि स्पॉन्सरशिप घेणारा तसा नसला, तर कर भरायची जबाबदारी देणाऱ्यावर येते. हा रिव्हर्स चार्ज. ७ लाखांवर १८ टक्क्यांनी १ लाख २६ हजार कंपनीने भरायचे आणि नियमात बसेल तसं क्रेडिट घ्यायचं. प्रस्तावातच हे लिहायला हवं होतं. सही व्हायच्या दिवशी सव्वा लाखाचा विषय निघणं बरं नव्हे, आणि तो निघाला माझ्या चुकीमुळे. मालक समजूतदार होते म्हणून निभावलं.

विम्याचं मात्र सगळ्यांच्याच ध्यानातून राहिलं होतं. घराची आरोग्य पॉलिसी मी सहज काढून वाचली. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत धोकादायक खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास उपचाराचा खर्च मिळत नाही असं कलम आहे, आणि त्या यादीत ‘मोटर रेसिंग’ हे शब्द उघड लिहिलेले आहेत. स्पॉन्सरचे पैसे घेऊन पळणारा मुलगा व्यावसायिक ठरेल की नाही, यावर दवाखान्याच्या दारात वाद घालायची वेळ कुणावर येऊ नये. आयोजकांच्या विम्याचा कागद मागवला, वर वेगळं अपघात कव्हर घेतलं. हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस राहिले होते.

हंगाम

पहिली फेरी शांत गेली. चौदापैकी नऊ पाहुणे आले. शर्यतीपेक्षा त्यांचा जास्त वेळ गाडीखाली वाकून अपराइट, म्हणजे चाक धरून ठेवणारा भाग, पाहण्यात गेला, हे मार्केटिंगच्या माणसाने मला कौतुकाने सांगितलं.

दुसऱ्या फेरीत पहिल्याच वळणावर तीन गाड्या एकमेकींत शिरल्या. विराज सुखरूप बाहेर आला. वहिनी स्टँडमध्ये उभ्या होत्या. त्याने हात वर करेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. गाडीचं नाक फुटलं, पुढचे दोन्ही सस्पेन्शन आर्म वाकले, रेडिएटर गेला. संघाचं बिल १ लाख ९० हजार. राखीव होते दीड लाख. ४० हजार कमी पडले.

त्या रात्री हॉटेलमध्ये खरा निर्णय झाला. तात्यांच्या फोनवर फौंड्रीच्या खात्याचं ॲप उघडलेलं होतं. चाळीस हजार म्हणजे फौंड्रीच्या दृष्टीने एका खेपेच्या स्क्रॅपपेक्षाही कमी, दोन मिनिटांचं काम. वहिनींनी फोन घेतला आणि बाजूला ठेवला. ‘लिहून दिलंय तुम्ही,’ एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विराजनंच सुचवलं की सरावासाठी ठेवलेलं जुनं कार्ट विकू. ते १ लाख ६० हजारांना गेलं. एका दहा वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी घेतलं. विराजनं त्या मुलाला सीटमध्ये बसवून पेडल कसे मागेपुढे करायचे ते दाखवलं, मग आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग तारीख. शेवटची फेरी काही आठवडे पुढे ढकलली गेली. या धंद्यात हे नेहमीचंच आहे. चेन्नईतली रस्त्यावरची रात्रीची शर्यत डिसेंबर २०२३ मध्ये व्हायची होती. मिचौंग चक्रीवादळाने शहर पाण्याखाली गेलं आणि ती ऑगस्टअखेर २०२४ मध्ये झाली. इतक्या मोठ्या शर्यतीचं असं होतं, तर लहान फेरीचं काय? पण कंपनीने गिऱ्हाइकांची हॉटेलं आणि तिकिटं आधीच काढली होती. नव्या तारखेला त्यांच्या शाखेची वार्षिक बैठक होती. पाहुणे आलेच नाहीत. शेवटचा हप्ता २ लाखांचा होता, आणि करारात तारीख बदलली तर काय करायचं याबद्दल एक ओळही नव्हती.

कंपनीने कायद्याने भांडायचं ठरवलं असतं तर दोघांचंही नुकसान झालं असतं. तात्या स्वतः गेले आणि आपणहून म्हणाले, ‘निम्मं द्या. आणि तुमच्या फौंड्री प्रदर्शनात पोरगा दोन दिवस गाडीसकट स्टॉलवर उभा राहील.’ मिळाले १ लाख. कमी पडलेले ४० हजार आणि हे १ लाख मिळून १ लाख ४० हजार. कार्टच्या पैशात ते भागून २० हजार उरले.

निष्पत्ती

विराज हंगामात एकूण अकरावा आला, सर्वांत चांगला निकाल सहावा. पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, नाही. घरातून ठरले तेवढेच ४ लाख गेले. फौंड्रीचं कॅश क्रेडिट खातं आठ महिन्यांत मर्यादेच्या बरंच खाली आलं आणि बँकेने नूतनीकरण केलं.

स्पॉन्सर कंपनीने दुसऱ्या वर्षासाठी ५ लाख कबूल केले. पहिल्या वर्षापेक्षा कमी. पण पिटमध्ये आलेल्या नऊ पाहुण्यांपैकी कोइमतूरच्या एका मशीनशॉपवाल्याने स्वतःहून अडीच लाख देऊ केले. त्याला कोल्हापूरच्या फौंड्रींतून कास्टिंग घ्यायचं होतं, त्यातल्या एका नमुन्याचं काम तात्यांकडे आलं. फौंड्रीला चौथं गिऱ्हाईक मिळालं ते असं. जाहिरात खात्यात पैसे टाकून जे साधलं नव्हतं, ते चहाच्या पेल्यावर बोलताना झालं.

वेगळं काय करता आलं असतं

करारात तीन ओळी हव्या होत्या. तारीख बदलली तर पाहुण्यांच्या खर्चाचं काय, ड्रायव्हर जखमी झाला तर उरलेल्या हप्त्यांचं काय, आणि गाडी सुटलीच नाही तर काय. मी बांधकामाच्या करारात अशा ओळी डोळे मिटून घालतो, मुदतवाढीचं कलम नाही असा करार मी कधी सही होऊ दिलेला नाही. मुलाच्या खेळाचा कागद म्हणून हात सैल पडला.

नुकसानीची राखीव रक्कम अंदाजपत्रकाच्या बारा टक्के होती. नव्या ड्रायव्हरच्या पहिल्या हंगामात ती किमान दुप्पट धरायला हवी. संघाकडून आधीच भागांची दरपत्रिका मागवता येते: नाक किती, आर्म किती, रेडिएटर किती. आम्ही अपघातानंतर मागवली.

हप्ते फेरीनंतर ठेवले ही चूकच. संघाला पैसे फेरीच्या आधी द्यावे लागतात. मधल्या दोन आठवड्यांत तात्यांना मित्राकडून उसने घ्यावे लागले, आणि ते वहिनींच्या अटीत बसतं की नाही यावर घरात एक संध्याकाळ कडू गेली. दुसऱ्या वर्षीच्या करारात सगळे हप्ते फेरीच्या पंधरा दिवस आधीचे आहेत.

आणि चौथा पर्याय. एक वर्ष थांबलो असतो तर विराज मोठा झाला असता, कार्ट विकावं लागलं नसतं, खातं आधी सावरलं असतं, करारही घाईत झाला नसता. त्याच्या वयात एक वर्ष गमावणं परवडतं का, याचं उत्तर रेसिंगमधली माणसं ‘नाही’ असंच देतात. मला तितकी खात्री वाटत नाही. निदान तो पर्याय टेबलावर असताना मी त्याचे आकडे मांडायला हवे होते. बाकी तिन्हींचे मांडले होते.

विराजची बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आहे. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक अजून आलेलं नाही. वहिनींनी या वेळी दोन कागद केलेत, एक तो थांबला तर, एक तो पळाला तर, आणि दोन्हींवर बेरीज करून माझ्याकडे पाठवलेत.